पासवर्ड वरच्या चौकटीत

२ एप्रिल

कुलूप काढून नेलं. चांगलं जाडजूड, हाताला सवयीचं कुलूप. त्या जागी काळा डबा बसवला. आता दार फोनने उघडायचं म्हणे. सगळ्या बिल्डिंगला तेच. मॅनेजर असा छाती काढून फिरतोय की जणू डबा त्याच्याच पोटी जन्मला.

वरच्या मजल्यावरून मुलगा आला. फोनात ॲप घातलं, मग खुर्ची ओढून मुद्द्यावर आला. म्हणाला, आई, हे दार तुला जमलं तर राहा एकटी. महिनाअखेरपर्यंत बघू. नाही जमलं तर मुकाट्याने आमच्याकडे यायचं. मागची खोली देतो तुला आणि हा फ्लॅट भाड्याने देऊ.

मागची खोली मला माहीत आहे. तिथे इस्त्रीचं टेबल, मोडकी सायकल आणि सुनेचं व्यायामाचं यंत्र राहतं. त्यांच्या शेजारी आता मी.

म्हटलं, जमेल. चार इयत्ता शिकले तेवढ्यावर संसार ओढला. पुढचं शिकलेली मंडळी काय दिवे लावतायत ते रोज बघतेच आहे.

३ एप्रिल, दुपारी

ॲप नीट तपासलं. घाबरण्यासारखं काही नाही. दार उघडायला दोन चौकटी येतात. वरची नावाची. खालची पासवर्डची. नावाच्या जागी आपल्या फ्लॅटचा नंबर टाकायचा, माझा सात. वरच्या चौकटीत लिहिलेलं दिसतं. खालच्या चौकटीत काहीही लिहा, नुसते काळे ठिपके पडतात, मुंग्या चालल्यासारखे.

विचार केला. लपवायचं काय असतं? पत्ता. फ्लॅट सात हे कुणाला कळलं तर दार कुणाचं ते कळणार. नुसता शब्द कळून कोण काय करणार? म्हणून मी फ्लॅटचा नंबर ठिपक्यांत टाकते आणि पासवर्ड वर, डोळ्यांना दिसेल असा. आपण काय लिहितोय ते दिसायला नको का माणसाला?

पहिल्या वेळी ॲप नाही म्हणतं, लाल अक्षरांत. मग मी तेच उलटं करून टाकते, की उघडतं. जुन्या कुलपाची रीतही हीच होती. आधी किल्ली जरा उलटी फिरवायची, मग सुलटी. डबा झाला म्हणून कुलपाची जात बदलते होय!

ॲप बनवणाऱ्यांनी चौकटींची नावं उलटी लिहिलीत, दुसरं काही नाही. मुलाला सांगितलं नाही. माझी युक्ती, त्याला फुकट कशाला?

४ एप्रिल

मुलाने घालून दिलेला पासवर्ड काढून स्वतःचा ठरवला. मुलगा म्हणाला होता, जन्मतारीख नको, लक्षात राहील पण दुसऱ्याला सुचणार नाही असं काहीतरी ठेव.

माझ्या लक्षात काय राहतं? कोण कसं आहे ते. म्हणून समोरच्या फ्लॅटमधल्या मास्तरीणबाईंबद्दलचं माझं प्रामाणिक मत ठेवलं. दोन शब्द जोडून, मध्ये जागा न सोडता. ॲपला जागा चालत नाही. मत काय आहे ते इथे लिहिणार नाही. पासवर्ड वहीत उतरवून ठेवणाऱ्या वेंधळ्या बायकांतली मी नाही.

संध्याकाळी मास्तरीणबाई नेहमीप्रमाणे चहाला आल्या. रिटायर झाल्या तरी त्यांची शाळा काही सुटलेली नाही. माझा कप कुठल्या हातात असावा इथपर्यंत शिकवून गेल्या. मी आपली हो हो करत होते. मनात म्हटलं, बाई, तुम्ही आता माझ्या दाराला लावलेल्या आहात.

८ एप्रिल

ॲप म्हणतं आठवड्याला पासवर्ड बदला. बदला की. मला मतांचा तुटवडा नाही.

या आठवड्यात वॉचमन. सकाळी भाजीची पिशवी घेऊन आले तर हा खुर्चीत मान टाकून पडलेला. माझ्या चपलेच्या आवाजाने उठला, पिशवी घेतली, लिफ्टपर्यंत आणून दिली आणि म्हणाला, आजी, वजन फार उचलू नका. माझं वजन मी बघेन, तू तुझे डोळे उघडे ठेव.

संकल्प : आजपासून कुणालाही तोंडावर टाकून बोलायचं नाही. पासवर्डात काय ते बोलून घ्यायचं. तब्येतीला बरं.

१० एप्रिल

सून खाली आली. ही कॉम्प्युटरच्या कंपनीत दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधायचा पगार घेते. घरी तेच काम फुकटात करते.

आल्या आल्या म्हणाली, आई, पासवर्ड आत्ताच्या आत्ता बदला, आणि नावाच्या चौकटीत टाकू नका तो.

हिला कसं कळलं मी कुठल्या चौकटीत टाकते?

तर म्हणे प्रत्येक ॲप आतल्या आत एक फाइल लिहीत असतं, तिला लॉग म्हणतात. कोण आलं, किती वाजता, दार उघडलं की नाही. चुकीचं नाव पडलं तर ते नावही जसंच्या तसं लिहून ठेवतं. आणि ही फाइल त्या कंपनीने इंटरनेटवर उघडी टाकलीय, ज्याला पत्ता माहीत त्याने खुशाल वाचावी. तुमचा पासवर्ड चुकीचं नाव म्हणून तिथे पडतो, म्हणाली. आणि त्याच्या खालच्याच ओळीत फ्लॅट सात उघडला असं येतं. दोन ओळी एकाखाली एक वाचल्या की कुणीही तुमचं दार उघडेल.

गोष्ट रचली छान. मी म्हटलं, यंत्र असं प्रत्येकाचं लिहीत बसलं तर दार कधी उघडणार?

ती म्हणाली, आई, तुमच्या भल्याचं सांगतेय.

माझ्या भल्याचं! मला मागच्या खोलीत नेऊन टाकायचं भलं. ती गेल्यावर पासवर्ड बदलला. या वेळी तिच्याचबद्दल. आणि वरच्याच चौकटीत टाकला. मी काय कुणाच्या सांगण्यावरून चौकटी बदलणार आहे?

११ एप्रिल

मुलाचा फोन. म्हणाला, आई, निदान तिच्याबद्दल तरी असं लिहायला नको होतंस.

असं म्हणजे कसं ते सांगेना. मीही विचारलं नाही.

कुठेतरी कॅमेरा बसवलाय त्यांनी. आजपासून फोनवर रुमाल टाकून आतून टाइप करायचं.

११ एप्रिल, संध्याकाळी

रुमालाखाली काही दिसत नाही. लाल अक्षरंच लाल अक्षरं. बराच वेळ दाराशी उभी होते. शेवटी रुमाल काढला. कॅमेऱ्याला काय बघायचं ते बघू दे. पण पासवर्ड पुन्हा बदलला, सुनेबद्दलच, आधीच्याहून झणझणीत.

१४ एप्रिल

एक गोष्ट लक्षात आलीय. मी लिफ्टमध्ये शिरले की सगळे गप्प होतात. आधी कुणी जागा देत नव्हतं, आता कोपऱ्यात सरकतात. आज एकाने तर तोंडावर हात धरला आणि खांदे हलवत उतरला, त्याचा मजला नसताना. खोकला असेल.

बाकी दरारा म्हणतात तो हाच. वयाबरोबर येतो. काहींना येतच नाही.

१५ एप्रिल

मास्तरीणबाई चहाला आल्या नाहीत. त्यांचा कप ओतून दिला. गुडघा धरला असेल, दुसरं काय. एक दिवस शांतता मिळाली.

१७ एप्रिल

आजही नाहीत. गुडघा बराच धरलेला दिसतो. पण मघाशी जिना चढून आल्या, लिफ्ट होती तरी. लिफ्टमध्ये मी होते.

पिशवी वॉचमनपुढे धरली. त्याने घेतली नाही. डोळे टक्क उघडे ठेवून म्हणाला, आजी, मी झोपलोय.

कामावर पिऊन येतो वाटतं. मॅनेजरला सांगितलं पाहिजे. पण मॅनेजर म्हणजे तरी काय, सांगितलेलं काम त्याच्या एका कानातून दुसऱ्या कानापर्यंत जायला महिना लागतो. या आठवड्याचा पासवर्ड तो.

१९ एप्रिल, दुपारी

आज कहर झाला.

मी खुर्चीत, पाय गरम पाण्याच्या टबात, डोळ्यांवर ओली घडी. कुलपाचा डबा टुंग वाजला आणि दार सताड उघडलं. दारात सून, मागे मॅनेजर. सुनेच्या हातात तिचा लॅपटॉप. मी ओरडले, तर ती माझ्याकडे न बघता मॅनेजरला म्हणाली, बघितलंत? उघड्या लॉगमधून पासवर्ड वाचला, फ्लॅटचा नंबर टाकला, दार उघडलं. दोन आठवडे मी तुम्हाला मेल करतेय, आणि तुम्ही म्हणताय ती नुसती तांत्रिक फाइल आहे, कोण वाचतंय.

मॅनेजर माझ्या टबाकडे बघत उभा. गोगलगाय नुसती! मग म्हणाला, मॅडम, पासवर्ड काय आहे ते मी वाचलं. त्याबद्दल वेगळं बोलू.

सून माझ्याकडे वळली. म्हणाली, सॉरी आई, बेल वाजवायला हवी होती, पण मग पटलं नसतं कुणाला. मी म्हटलं, घर बळकावायला आलीस ते सरळ सांग. टब लाथाडला. तिच्या बुटांत पाणी गेलं. माझ्या गालिच्यावरही गेलं, पण तो जुना आहे.

१९ एप्रिल, संध्याकाळी

मुलगा आला. म्हणाला, आई, ठरलं होतं ना? दार नाही जमलं तर वर यायचं.

म्हटलं, दार मला जमतं. ते तुझ्या बायकोलाही जमतं ही माझी चूक आहे का?

त्याने बाह्या सरसावल्या. लहानपणीही वादात हरला की कामाला लागायचा. गालिचा पिळून दिला आणि गेला.

२१ एप्रिल

मास्तरीणबाईंचा गुडघा अजून आहे. त्यांच्या दारातून हसण्याचा आवाज आला. दुखण्यात माणसं हसतात कधीकधी.

सुनेने फारच लावून धरलं म्हणून मॅनेजरने सगळ्या बिल्डिंगची मीटिंग बोलावलीय, २४ तारखेला, तळमजल्याच्या हॉलमध्ये. कुलपाच्या कंपनीचा माणूस येणार, काय चुकलं ते समजावणार. तिथे बोलायचं मी. सून एकटीच शहाणी नाही हे सगळ्यांना कळू दे. मुलाला तर कळायलाच हवं. दार काय चीज असते ते मी नीट बोलून दाखवलं की मागच्या खोलीचा विषय तिथेच संपला.

आरशासमोर बोलून बघितलं. आवाज चांगला लागतो.

२४ एप्रिल, सकाळी

नवी साडी... नको, साधीच बरी. बोलण्याकडे लक्ष राहिलं पाहिजे. शेवटचं वाक्य : ज्याला स्वतःचं दार सांभाळता येत नाही त्याने दुसऱ्यांच्या शेजारी राहू नये. इथे टाळ्या पडतील. थांबायचं.

२४ एप्रिल, संध्याकाळी

मीटिंग झाली.

लिहिणार नव्हते. पण आता न लिहून तरी काय, भिंतीवर लिहून झालंच आहे.

कंपनीचा माणूस टाय लावून आला. म्हणाला, चुकलेली नावं लॉगमध्ये जशीच्या तशी लिहायला नको होती, आणि ती फाइल उघडी राहायला नको होती, दोन्ही आमच्याच चुका. तरी नुकसान फार नाही. कारण नावाच्या चौकटीत पासवर्ड टाकणारं माणूस या सगळ्या बिल्डिंगमध्ये एकच निघालं. मात्र ते रोज टाकतं. न चुकता.

इथे मी उठले. म्हटलं, हा कोण बेअक्कल? याच्यापायी आमची दारं उघडी पडतात, आमच्या घरात भरदुपारी माणसं शिरतात. नाव सांगा त्याचं. काढा बिल्डिंगच्या बाहेर, पहिली सही माझी. ज्याला स्वतःचं दार सांभाळता येत नाही त्याने दुसऱ्यांच्या शेजारी राहू नये.

थांबले. टाळ्या पडल्या नाहीत.

सून हळूच म्हणाली, आई, बसा. मी म्हटलं, तू घाबरत असशील टायला, मी नाही घाबरत. नाव सांगा!

टायवाला म्हणाला, आजी, नाव सांगता येत नाही, खासगी बाब असते. फक्त नमुना दाखवतो. फ्लॅटचे नंबर आम्ही काळे केलेत.

नंबर काळे केले होते. शब्द नव्हते केले. अगदी माझीच पद्धत. पत्ता झाकलेला, शब्द उघडा.

दिवा मालवला आणि भिंतीवर आलं, माझ्या वितीएवढ्या अक्षरांत.

मास्तरणीचीटकळी : या नावाचा वापरकर्ता नाही.

झोपाळूठोंब्या : या नावाचा वापरकर्ता नाही.

सूनदीडशहाणी : या नावाचा वापरकर्ता नाही.

सूनचोंबडीनंबरएक : या नावाचा वापरकर्ता नाही.

मॅनेजरगोगलगाय : या नावाचा वापरकर्ता नाही.

कुणी हसलं नाही. तेव्हा समजलं की सगळ्यांनी हे आधीच वाचलेलं आहे, लिफ्टमध्ये, घरोघरी, चहाबरोबर. मी एकटीच पहिल्यांदा बघत होते. आणि मी एकटीच उभी होते.

मास्तरीणबाई उठल्या. म्हणाल्या, इतकी वर्षं यांचा पाण्यासारखा चहा प्यायले, का, तर एकट्या असतात म्हणून. आता माझी टकळी मी माझ्या घरी चालवीन. वॉचमनने त्यांच्यासाठी दार धरलं. अदबीने, टक्क जागा राहून.

चष्मा नेला नव्हता, त्यामुळे कुणाचे चेहरे दिसले नाहीत.

चष्मा नेला होता.

२५ एप्रिल

बाहेर गेले नाही. भाजी आहे घरात.

२६ एप्रिल

विचार केला तर चूक कंपनीची आहे. टायवाला स्वतःच म्हणाला. माझी मतं मी माझ्या दाराशी हळूच बोलत होते, ती लिहून ठेवायला यांना कुणी सांगितलं होतं? आणि मतं खोटी आहेत असं तर कुणीच म्हणालं नाही.

२७ एप्रिल

मुलगा आणि सून दोघं आली. बेल वाजवून.

मुलगा म्हणाला, आई, झालं ते झालं, सामान बांधायला घेऊ. मागची खोली रिकामी केलीय.

मी तोंड उघडायच्या आत सून म्हणाली, नाही. आई इथेच राहतील. दार त्यांना जमत नाही हे मला माहीत आहे, सगळ्यात आधी मलाच कळलं. पण लॉग बंद करायला मी तीन आठवडे भांडले, आणि रोज सकाळी त्यात माझ्याबद्दल वाचत होते. आता तेच पलीकडच्या खोलीतून ऐकायची माझी तयारी नाही.

मोठ्याने नाही बोलली. मोठ्याने बोलली असती तर मला चार शब्द सुचले असते.

मुलाने बूट पायात घातले. मग म्हणाला, ठीक आहे, राहा इथेच.

म्हणजे जिंकले मी! महिना संपायच्या आत. मागची खोली गेली चुलीत. घर माझं, दार माझं. मुलाला म्हटलं, बघ, जमलं की नाही? तो हो म्हणाला आणि जिन्याने गेला. सून आधीच गेली होती.

३० एप्रिल

काळे डबे काढले. सगळ्यांना पुन्हा साधं कुलूप. नवं आहे, अजून हाताला बसत नाही. आधी उलटी फिरवून बघितली. अडकते. सरळच फिरवायची आहे.

कुलूप बसवणारा म्हणाला, आजी, दोन किल्ल्या आहेत. एकट्या राहता तर दुसरी कुणाकडे तरी देऊन ठेवा. आत पडलाबिडलात तर दार फोडायला नको.

मी काय पडतेय! पण म्हटलं, देऊ.

मॅनेजर म्हणाला, ऑफिसात किल्ल्या ठेवत नाही, जबाबदारी नको. आणि हे लगेच म्हणाला, एरवी त्याला एक हो म्हणायला आठवडा लागतो.

वॉचमन म्हणाला, नियमात बसत नाही, आजी.

मास्तरीणबाईंनी दार हातभर उघडलं. म्हणाल्या, मला हल्ली विसरायला होतं, दुसऱ्या कुणाला द्या. कपबशी हातात होती त्यांच्या. दुधाचा दाट चहा.

वर गेले. मुलगा घरी नव्हता. सुनेने दार उघडलं, ओले हात पुसत. मी किल्ली पुढे केली. तिने किल्लीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाली, नको आई. तुमचं दार उघडायचं कसं हे मला माहीत नसलेलं बरं. चहा घेणार का, असं विचारलं तिने. मी नको म्हटलं. मला सवय नाही दुसऱ्याच्या घरी.

परत आले. लोकांना एवढीशी किल्ली सांभाळता येत नाही, कौतुकच आहे. बरं झालं कुणी घेतली नाही, हरवलीच असती.

सुतळीचा तुकडा शोधला आणि दुसरी किल्ली पहिलीलाच बांधून टाकली. आता चिंता नाही. एक हरवली तर दुसरी आहे.